चोर किती, विसराळू किती? ब्रिटनच्या हाउसिंग बेनिफिटमधल्या गळतीचा हिशेब

ऑक्टोबर 2014 मध्ये ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं हाउसिंग बेनिफिटवर एक अहवाल काढला. हे ऑफिस आपल्याकडच्या कॅगसारखं. सरकारी खात्यांचे हिशेब तपासून संसदेला सांगणं हे त्याचं काम. 2013-14 या वर्षात लोकांच्या घरभाड्याला हातभार म्हणून सरकारनं 2,390 कोटी पौंड दिले होते आणि त्यांतले सुमारे 140 कोटी पौंड नियमांप्रमाणे द्यायलाच नको होते, असं त्यात म्हटलं होतं. शंभर पौंडांमागे जवळपास सहा. त्या वर्षी सगळ्या प्रकारच्या मदतींमध्ये मिळून जेवढे पैसे जादा गेले, त्यांतला साधारण दोन पंचमांश वाटा या एका योजनेचा होता.

असा आकडा वर्तमानपत्रात आला की पुढचं ठरलेलं असतं. स्वतःचं घर भाड्यानं देऊन वर सरकारकडून भाड्याची मदत लाटणारा कुणीतरी कोर्टात उभा राहतो, त्याचा फोटो छापून येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, 140 कोटी असेच गेले. पण आकड्याची फोड पाहिली तर चित्र वेगळं दिसतं. ठरवून केलेली लबाडी 34 कोटींच्या आसपास. मदत घेणाऱ्यांच्या हातून अनवधानानं झालेल्या चुका सुमारे 90 कोटींच्या. उरलेले 15 कोटी खुद्द कार्यालयांच्या चुकांमुळे गेलेले. चोरांनी नेलं त्याच्या अडीच पटीहून जास्त विसराळूंच्या खात्यावर.

माणसं एवढी विसराळू कशी, आणि हा भुर्दंड शेवटी कुणाच्या माथी बसतो, हे समजायचं तर आधी मदत मोजतात कशी ते बघावं लागेल. गंमत सगळी त्या मोजणीत आहे.

आकडेमोड

हाउसिंग बेनिफिट 1982 च्या कायद्यानं आलं. पैसा केंद्र सरकारचा, म्हणजे आता डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स या खात्याचा (इंग्रजी आद्याक्षरांनी सगळे त्याला डीडब्ल्यूपी म्हणतात). पण अर्ज घेणं, कागद तपासणं, रक्कम ठरवणं आणि वाटणं हे काम स्थानिक कौन्सिलांचं, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकांसारख्या संस्थांचं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून अशी 380 च्या आसपास कौन्सिलं आणि 2013-14 च्या सुमारास मदत घेणारी कुटुंबं पन्नास लाख. भाडेकरू कौन्सिलच्या घरात असेल, हाउसिंग असोसिएशनच्या (परवडणारी घरं भाड्यानं देणाऱ्या बिगरनफा संस्थेच्या) घरात असेल किंवा खाजगी घरमालकाकडे, उत्पन्न कमी असेल तर अर्ज करता यायचा.

रक्कम ठरवताना आधी भाडं बघायचं. खाजगी घर असेल तर 2008 पासून प्रत्येक भागासाठी भाड्याची एक कमाल मर्यादा ठरवलेली आहे. 2011 पासून ती त्या भागातल्या सर्वांत स्वस्त 30 टक्के घरांच्या भाड्यावर बेतलेली असते. मग घरात माणसं किती, खोल्या किती लागतात हे बघायचं. मग उत्पन्न. नियमानं ठरवलेल्या किमान गरजेपेक्षा आठवड्याचं उत्पन्न जास्त असेल, तर वरच्या प्रत्येक पौंडामागे मदतीतून 65 पेन्स कापायचे. मग बचत. निवृत्तीच्या वयाच्या माणसाची पहिली 10,000 पौंडांची बचत सोडून द्यायची. त्यावरच्या प्रत्येक 500 पौंडांमागे (किंवा त्याच्या तुकड्यामागेही) आठवड्याला एक पौंड उत्पन्न आहे असं समजायचं. 500 पौंडांवर आठवड्याला एक पौंड म्हणजे वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त व्याज. कमावत्या वयाच्या लोकांसाठी तर 6,000 च्या वर प्रत्येक 250 पौंडांमागे एक पौंड, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त. असं व्याज देणारी बँक ब्रिटनमध्ये कुणाला सापडली, तर मदतीची गरजच उरणार नाही.

आता लेस्टरमध्ये भाड्याच्या घरात राहणारा एक निवृत्त बस ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणा. सरकारी पेन्शन आहे, जुन्या कंपनीचंही थोडं आहे, आणि भाड्याचा काही भाग हाउसिंग बेनिफिटमधून येतो. एप्रिलमध्ये कंपनीचं पेन्शन आठवड्याला 12 पौंडांनी वाढलं. त्याचं पत्र आलं, त्यानं वाचलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं. नियमानं 12 चे 65 टक्के, म्हणजे 7 पौंड 80 पेन्स, दर आठवड्याला मदतीतून कमी व्हायला हवे होते. कौन्सिलला कळवलं नाही म्हणून झाले नाहीत. पुढच्या एप्रिलमध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं तेव्हा 52 आठवड्यांचे 405 पौंड 60 पेन्स त्याच्या नावावर देणं निघालं. हा माणूस चोर नाही. सरकारी पेन्शन सरकारच देतं तेव्हा सरकारला सगळं ठाऊकच असणार, असं त्यानं धरलं. पण पेन्शन देणारं खातं वेगळं, भाड्याची मदत देणारी कौन्सिल वेगळी, आणि कंपनीचं पेन्शन तर या दोघांच्याही हिशेबाबाहेरचं.

निवृत्ताचं उत्पन्न निदान वर्षातून एकदाच बदलतं. कमावत्या वयाच्या माणसाचं काय? गोदामात, केअर होममध्ये, हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांचे तास आठवड्यागणिक बदलतात. झिरो-आवर म्हणून जे करार असतात, त्यांत किती तास काम मिळेल याची हमीच नसते. या आठवड्यात 14 तास, पुढच्यात 31, मग दोन आठवडे नऊ-नऊ. प्रत्येक फरक कळवणं ही मदत घेणाऱ्याची जबाबदारी. कळवला की कौन्सिल नव्यानं हिशेब करून पत्र पाठवणार. ते पत्र हातात पडेपर्यंत तास पुन्हा बदललेले. चुकीच्या नोंदींत मजुरीच्या नोंदींचा वाटा सर्वांत मोठा असायचा, यात नवल नाही.

आणखी एक नियम तर घराघरात भांडण लावणारा आहे. घरात कमावता मोठा मुलगा किंवा मुलगी राहत असेल, तर ते भाड्यात वाटा उचलत असणारच असं गृहीत धरून आईबापांच्या मदतीतून रक्कम कापतात. किती कापायची ते त्या मुलाच्या पगारावरून ठरतं. मुलगा प्रत्यक्षात घरात एक पेनी देत नसला तरी कपात होते. आणि पंचविशीतल्या किती मुलांचा पगार आईला नेमका ठाऊक असतो? मुलाला बढती मिळाली, त्यानं घरी सांगितलं नाही, म्हणून आईच्या नावावर सरकारी देणं निघालं, असं सहज घडू शकतं.

दोन महिने पुण्याला

इथे आपल्या लोकांचाही संबंध येतो, म्हणून थोडं थांबतो. ब्रिटनमध्ये नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्या मराठी माणसाचा या योजनेशी सहसा संबंध येत नाही. त्यांच्या व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट असते आणि हाउसिंग बेनिफिट त्या मदतींच्या यादीत आहे. ती अट मोडून अर्ज केला तर पैसे परत करण्याबरोबर व्हिसाही धोक्यात येतो. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला की अट सुटते.

पण जी पिढी साठ-सत्तरच्या दशकांत गेली, तिथेच निवृत्त झाली आणि भाड्याच्या घरात राहते, तिच्यासाठी एक नियम फार महत्त्वाचा आहे. जुलै 2016 पर्यंत घर सोडून तेरा आठवड्यांपर्यंत परदेशी गेलं तरी मदत चालू राहायची. त्यानंतर ब्रिटनबाहेरच्या मुक्कामासाठी ही मुदत चार आठवड्यांवर आली. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा आजारपण असेल तर थोडी सवलत मिळते, एरवी सहसा नाही. आणि नियमाची धार अशी, की चार आठवड्यांपेक्षा जास्त राहणार हे निघतानाच ठरलेलं असेल, तर हक्क पाचव्या आठवड्यापासून संपत नाही. तो विमानात बसलात त्या दिवसापासूनच संपतो. म्हणजे थंडीचे दोन महिने बहिणीकडे पुण्याला काढून येणाऱ्या काकूंचं सरकारी पेन्शन बिनबोभाट चालू राहतं, घरभाडंही चालू राहतं, फक्त भाड्याच्या मदतीवरचा हक्क दोन्ही महिन्यांपुरता गेलेला असतो. पेन्शन चालू आहे म्हणजे सगळं चालू आहे, असा समज होणं साहजिक आहे. कौन्सिलच्या नोंदीत मात्र तो जादा भरणा ठरतो, आणि जाण्याआधी कळवलं नव्हतं हे मुद्दाम होतं की नकळत, यावर चौकशी बसू शकते.

बिल कुणाच्या नावावर

कौन्सिल मदत वाटते आणि वर्षअखेरीला तो खर्च डीडब्ल्यूपीकडून अनुदान म्हणून मागून घेते. मदत बरोबर दिली असेल तर शंभर टक्के परत. चुकून जादा दिली असेल तर चूक कुणाची यावर दर ठरतो. हे दर अतिशय बोलके आहेत.

अर्जदाराच्या चुकीनं किंवा लबाडीनं जादा पैसे गेले असतील, तर कौन्सिलला त्यांतले 40 टक्केच परत मिळतात. उरलेले तिनं अर्जदाराकडून वसूल करावेत. मात्र जी वसुली होईल ती पूर्णपणे कौन्सिलचीच. 1,000 पौंड जादा गेले असं धरू. केंद्राकडून 400 आले. कौन्सिलनं 600 वसूल केले तर बरोबरी. सगळे 1,000 वसूल केले तर तिच्या हातात 1,400. म्हणजे चिकाटीनं वसुली करणाऱ्या कौन्सिलला अर्जदाराची चूक फायद्याची ठरू शकते. हे कुणाच्या नजरचुकीनं झालेलं नाही. वसुलीला उत्तेजन मिळावं म्हणून नियम मुद्दामच असा केलेला आहे.

कौन्सिलची स्वतःची चूक असेल तेव्हा हिशेब आणखी विचित्र होतो. वर्षभरात बरोबर दिलेल्या रकमेच्या 0.48 टक्क्यांपर्यंत अशा चुका झाल्या तर केंद्र त्यांचे पूर्ण पैसे देतं. 0.48 ते 0.54 च्या मध्ये गेल्या तर 40 टक्के. 0.54 च्या वर गेल्या तर काहीच नाही, आणि काहीच नाही म्हणजे वरच्या भागापुरतं नव्हे, सगळ्याच चुकांचे पैसे गेले. वर्षाला दहा कोटी पौंड वाटणारी कौन्सिल घेऊ. तिच्या चुका 4 लाख 70 हजारांच्या असतील तर तिचा खडकूही न जाता सगळे परत मिळतात. 5 लाख 50 हजारांच्या असतील तर साडेपाच लाख तिच्या तिजोरीतून गेले. ऐंशी हजारांच्या जादा चुकांसाठी साडेपाच लाखांचा फटका.

म्हणून या खात्यात काम करणाऱ्यांचा बराचसा जीव तारखांत अडकलेला असतो. अर्जदारानं बदल उशिरा कळवला, तर तो उशीर अर्जदाराचा. त्यानं वेळेवर कळवला पण पत्र कौन्सिलच्या ढिगात पडून राहिलं, तर तिथून पुढचा जादा भरणा कौन्सिलच्या नावावर. तेच पैसे, तोच माणूस, तेच भाडं. पण पत्रावर पोच म्हणून शिक्का कोणत्या दिवशी पडला यावर हजारो पौंड एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकतात.

वर्षाच्या शेवटी बाहेरचे लेखापरीक्षक येतात. काही प्रकरणं नमुन्यादाखल काढून पुन्हा मोजतात आणि एखाद्या प्रकारात चूक सापडली की त्याच प्रकारची आणखी प्रकरणं काढतात. नमुन्यात चुकांचं जे प्रमाण निघेल ते त्या प्रकारच्या एकूण रकमेला लावलं जातं. कारकुनाकडून एका पगारपत्रकातली रक्कम चुकीची टिपली गेली, ती चूक काही पेन्सांची होती, पण नमुन्यातून गुणाकार होत होत अनुदानातून हजारो पौंड कापले जाऊ शकतात.

करदात्याच्या बाजूनं पाहिलं तर या सगळ्या ओढाताणीत एकूण गळती एका पेनीनंही बदलत नाही. केंद्रानं सोसली काय आणि कौन्सिलनं सोसली काय, पैसा जनतेचाच. खरी तूट म्हणजे जी रक्कम शेवटपर्यंत वसूल होत नाही ती, आणि तिच्यावर ती शोधण्याचा, मोजण्याचा, पत्रं पाठवण्याचा, अपील लढवण्याचा खर्च. बातमीतल्या 140 कोटींसारख्या आकड्यात हा खर्च नसतो आणि नंतर वसूल झालेले पैसे त्यातून वजाही केलेले नसतात.

वसुली होते ती मुख्यतः चालू मदतीतूनच, दर आठवड्याला थोडी थोडी कापून. मदत बंद झाली असेल तर बिल, नाहीतर थेट पगारातून कपात. काही वेळा घरमालकाकडूनही. एक संरक्षण मात्र कायद्यात आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं: चूक कार्यालयाची असेल, अर्जदाराचा तिच्यात काही हात नसेल आणि आपल्याला जादा पैसे येताहेत हे त्याला समजणं शक्य नव्हतं असं दिसत असेल, तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल करता येत नाही. तरीही वसुली सुरू केली तर त्या वसुलीविरुद्ध दाद मागता येते.

पकडण्याचे प्रयोग

लबाडी होतच नाही असं मुळीच नाही, आणि 34 कोटी पौंड ही काही चिल्लर नव्हे. जोडीदार सोबत राहत असताना एकटं राहतो असं सांगणं, रोखीत मिळणारी मजुरी लपवणं, नसलेलं भाडं दाखवणं, नात्यातल्या माणसाला कागदोपत्री घरमालक करणं, हे प्रकार जुने आहेत. सिद्ध झाले तर खटला आणि तुरुंगही होऊ शकतो. किरकोळ प्रकरणांत जादा घेतलेल्या रकमेच्या निम्मा दंड (किमान 350 पौंड) भरून खटला टाळता येतो. लबाडी नसली पण निष्काळजीपणा दिसला तर 50 पौंडांचा वेगळा दंड आहे.

पण लबाडी पकडण्याला बक्षीस लावलं की काय होतं, याचा धडा ब्रिटननं नव्वदच्या दशकातच घेतलेला आहे. 1993 पासून अशी योजना होती, की कौन्सिलनं लबाडीचं प्रकरण पकडून मदत बंद केली, तर दर आठवड्याची ती रक्कम 32 नं गुणायची आणि तेवढी बचत झाली असं धरून कौन्सिलला त्या हिशेबानं पैसे द्यायचे. पकडलं नसतं तर लबाडी आणखी 32 आठवडे चालली असती, हे गृहीतक. मग जे प्रकरण साध्या चुकीचं होतं तेही लबाडीच्या रकान्यात घालण्याचा मोह कुणाला होणार नाही? आणि दारातच नीट तपासणी करून चूक होऊच न देणाऱ्या कौन्सिलला यात काय मिळणार? तिच्याकडे मिरवायला पकडलेलं काहीच नसतं. 2002 मध्ये ही पद्धत मोडीत निघाली.

2014 ते 2016 या काळात कौन्सिलांमधले लबाडी शोधणारे तपासनीस टप्प्याटप्प्यानं डीडब्ल्यूपीकडे नेण्यात आले, सगळा तपास एका छताखाली यावा म्हणून. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. पण स्थानिक तपासनिसाला ज्या गोष्टी सहज कळायच्या (कुठला घरमालक एकाच पत्त्यावर किती भाडेकरू दाखवतो, कुठली गल्ली कुणाची) त्या लांबच्या कार्यालयात बसून कळत नाहीत. माझ्या मते तो सौदा महागात पडला.

याउलट एक सुधारणा खरोखर कामाची ठरली. एप्रिल 2013 पासून ब्रिटनमधल्या नोकरी देणाऱ्यांना प्रत्येक पगाराची नोंद पगार देतानाच कर खात्याला द्यावी लागते. ही नोंद कौन्सिलच्या नोंदीशी ताडून पाहता येऊ लागली, तेव्हा वर्षानुवर्षं न कळलेले पगार आणि कंपन्यांची पेन्शनं बाहेर येऊ लागली. आपल्या बस ड्रायव्हरची वाढ ड्रॉवरमध्ये राहिली तरी कर खात्याच्या संगणकात ती असतेच. प्रश्न माहितीचा नव्हता. एका खात्याकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे जात नव्हती.

मग पुढची पायरी म्हणून डीडब्ल्यूपीनं संगणकालाच विचारलं, की कोणाच्या प्रकरणात चूक असण्याची शक्यता जास्त? त्याच्या उत्तरावरून कौन्सिलांना याद्या जाऊ लागल्या आणि त्या त्या माणसाचं प्रकरण मुळापासून तपासायचं ठरलं. म्हणजे पगारपत्रकं, बँकेचे कागद, भाडेकरार, सगळं पुन्हा. जून 2024 मध्ये ‘द गार्डियन’नं बातमी दिली, की तीन वर्षांत अशा ज्या प्रकरणांना धोक्याचा शिक्का बसला त्यांतली दोन तृतीयांश अगदी बरोबर निघाली. दोन लाखांहून जास्त लोकांना काही चूक नसताना चौकशीला तोंड द्यावं लागलं आणि ज्या तपासण्यांतून एक पेनीही वाचली नाही त्यांवर सुमारे 44 लाख पौंड खर्च झाले. ही माहिती बिग ब्रदर वॉच या संस्थेनं माहितीच्या अधिकारात मिळवलेली होती. खात्याच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की उरलेल्या एक तृतीयांश प्रकरणांत चूक होती आणि डोळे मिटून निवडलं असतं तर इतक्या सापडल्या नसत्या. पण दर तिघांतल्या दोघांना बँकेचे कागद घेऊन धावायला लावणाऱ्या यंत्राला अचूक म्हणणं अवघड आहे. त्या दोघांच्या धावपळीची किंमत कुठल्याच रकान्यात धरलेली नाही.

आकडा येतो कुठून

इतकी गळती झाली हे सरकारला कळतं कसं, असा प्रश्न पडायला हवा. सगळी प्रकरणं कुणी तपासत नाही. दरवर्षी काही हजार प्रकरणं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात, त्या माणसांशी बोलून कागद मागवतात, रक्कम पुन्हा मोजतात आणि त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज बांधतात. म्हणून हा आकडा नेहमीच अंदाज असतो, मागेपुढे काही कोटींची जागा सोडून. यातल्या लबाडीच्या रकान्यासाठी कोर्टाचा निकालही लागत नाही. मदतीच्या अटी पुऱ्या होत नव्हत्या, आपल्या हक्कावर त्याचा परिणाम होतो हे अर्जदाराला कळायला हवं होतं, आणि तपासणीनंतर मदत थांबली किंवा घटली, एवढं जुळलं की नोंद लबाडीत होते. बातमीत ‘इतक्या कोटींची लबाडी’ असं येतं तेव्हा त्यातले फारच थोडे पैसे कुणावर सिद्ध झालेले असतात.

तरीही गळती मोठी आहे हे खुद्द सरकारी लेखापरीक्षकच सांगतात. मदतींमधल्या लबाडीमुळे आणि चुकांमुळे या खात्याच्या हिशेबावर 1988-89 पासून दरवर्षी त्यांचा शेरा पडतो आहे. एकही वर्ष सुटलेलं नाही. शेऱ्यातून वगळलं जातं ते फक्त सरकारी पेन्शन, कारण त्यात जादा पैसे जाण्याचं प्रमाण अगदी कमी असतं. त्याचं कारणही साधं आहे: मुख्यतः वय आणि भरलेल्या वर्गण्या याच गोष्टी तिथे बघायच्या असतात, आणि त्या आठवड्याला बदलत नाहीत.

युनिव्हर्सल क्रेडिट आलं, मग?

2013 पासून कमावत्या वयाच्या लोकांचं हाउसिंग बेनिफिट हळूहळू युनिव्हर्सल क्रेडिट नावाच्या एकत्रित मदतीत मिसळत गेलं. सहा मदतींची एक मदत, भाडं त्यातच, आणि पगाराची नोंद कर खात्याकडून थेट. पगाराच्या चुका आता संपतील असं सांगितलं गेलं होतं. त्या कमी झाल्याही. पण बचत किती, सोबत कोण राहतं, स्वतःच्या धंद्यातून किती मिळतं, भाडं खरंच किती, या प्रश्नांची उत्तरं कर खात्याच्या संगणकात नसतात. त्यात 2020 मध्ये कोरोनाच्या काळात लाखो अर्ज एकदम आले आणि तपासण्या मुद्दाम शिथिल केल्या गेल्या. 2020-21 मध्ये युनिव्हर्सल क्रेडिटमधले 14.5 टक्के पैसे जादा गेले असा अंदाज निघाला. 2023-24 मध्ये तो 12.4 टक्के होता, म्हणजे जवळपास 646 कोटी पौंड. ज्या हाउसिंग बेनिफिटच्या सहा टक्क्यांवर 2014 मध्ये एवढा गदारोळ झाला, त्याच्या दुप्पट.

जुन्या योजनेत आता मुख्यतः निवृत्त लोक आणि तात्पुरत्या किंवा देखभालीसहित घरांत राहणारे उरले आहेत. यातल्या दुसऱ्या गटात जो पैसा वाया जातो तो गळतीच्या आकड्यात येतच नाही, आणि मला तर तोच जास्त खटकतो. व्यसनातून बाहेर पडणारे, तुरुंगातून सुटलेले, घरातला छळ सोसून बाहेर पडलेल्या बायका, अशांना आधार द्यायचा म्हणून काही संस्थांना भाड्याच्या नेहमीच्या मर्यादेतून सूट असते. त्या जास्त भाडं लावू शकतात आणि ते हाउसिंग बेनिफिटमधून येतं. बर्मिंगहॅममध्ये अशा 20 हजारांहून जास्त जागा झाल्या. साधी घरं विकत घ्यायची, एकेका खोलीत एकेक माणूस ठेवायचा, आठवड्यातून एकदा कुणीतरी डोकावून ‘आधार’ दिल्याची नोंद करायची आणि चढं भाडं उचलायचं, असा धंदा काहींनी मांडला. 2022 मध्ये संसदेच्या समितीनं या व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले आणि 2023 मध्ये नियंत्रणासाठी कायदाही झाला. पण यात अर्ज खरा, माणूस खरा, भाडेकरार खरा. नियमानुसार दिलेला पैसा म्हणून तो बरोबरच्या रकान्यात बसतो, आणि लेस्टरच्या ड्रायव्हरचे 405 पौंड 60 पेन्स चुकीच्या.

चुका उलट्या दिशेनंही होतात. ज्यांना मिळायला हवं होतं त्याहून कमी मिळालं त्यांचा आकडा दरवर्षी त्याच तक्त्यात दिलेला असतो: 2023-24 मध्ये सगळ्या मदतींत मिळून सुमारे 110 कोटी पौंड, जादा गेलेल्या 970 कोटींच्या शेजारी. आणि जे अर्जच करत नाहीत ते यातही नाहीत. हलाखीतल्या निवृत्तांसाठी असलेल्या पेन्शन क्रेडिटचा हक्क असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते मागतच नाहीत. फॉर्म लांबलचक, वर मागून चूक झाली तर पैसे परत द्यावे लागतील ही धास्ती. निवृत्तांसाठी हाउसिंग बेनिफिट आणि पेन्शन क्रेडिट एकत्र करून एकाच अर्जात मागता यावं, असा सरकारचा जाहीर झालेला विचार आहे. तो अमलात आला तर भाडेकरू असलेले पण आजवर पेन्शन क्रेडिट न मागणारे हजारो म्हातारे-म्हाताऱ्या यादीत येतील आणि खर्च वाढेल, हे अर्थ खात्यालाही पक्कं ठाऊक आहे.